लहान जाळ्यातील नामव्यवस्था

माणसाला नाव लक्षात राहते. यंत्राला आकडा लागतो. संगणकांच्या जाळ्यात उद्भवणाऱ्या पुष्कळशा अडचणींचे मूळ या साध्या भेदात आहे. ज्या व्यवस्थेमुळे नावाचा आकडी पत्ता मिळतो तिला डोमेन नेम सिस्टिम किंवा थोडक्यात डीएनएस असे म्हणतात. ती सुरळीत चालू असते तोवर तिचे अस्तित्व कोणाला जाणवत नाही. ती बिघडली की मात्र सगळेच बिघडल्यासारखे वाटते.

उदाहरणादाखल एक सार्वजनिक ग्रंथालय डोळ्यांपुढे आणू. देवघेवीच्या टेबलावर विंडोज प्रणालीचे दोन संगणक आहेत. ग्रंथसूची ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर चालते. ही प्रणाली मूळ न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झाली आणि २००० साली वापरात आली; येथे ती लिनक्सच्या एका यंत्रावर ठेवलेली आहे. बालविभागात कोणी देणगीदाखल दिलेला ॲपलचा संगणक आहे, कार्यालयात जाळ्याला जोडलेला प्रिंटर आहे आणि वाचनकक्षात विद्यार्थी आपापले मोबाइल घेऊन बसलेले आहेत. अशा निरनिराळ्या प्रणालींच्या जाळ्याला संमिश्र जाळे म्हणता येईल. आज देशातील अनेक शाळा, दवाखाने आणि लहान कार्यालये याच प्रकारात मोडतात.

सोमवारी सकाळी पुस्तके बदलण्यासाठी रांग लागते आणि पडद्यावर ‘सर्व्हर सापडत नाही’ एवढेच शब्द उमटतात. ‘इंटरनेट बंद आहे’ असा निष्कर्ष काढून सगळे हातावर हात ठेवून बसतात. वास्तविक तारा जागच्या जागी असतात आणि लिनक्सचे यंत्रही चालू असते. नावाऐवजी त्या यंत्राचा आकडी पत्ता टाइप केला तर सूची तत्काळ उघडते. म्हणजे रस्ता मोकळा आहे, परंतु पत्ता सांगणारा जागेवर नाही. हा सांगणारा म्हणजेच नाम-सर्व्हर. तो कसा काम करतो, लहान जाळ्यात त्याची मांडणी कशी करावी आणि निगा कशी राखावी, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

एका यादीपासून वृक्षापर्यंत

अमेरिकेतील अर्पानेट हे जाळे १९६९ साली सुरू झाले. पुढे त्यातील सर्व यंत्रांची नावे व पत्ते एकाच यादीत लिहिले जाऊ लागले. ही यादी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एसआरआय या संशोधन संस्थेच्या माहिती केंद्रात ठेवली जाई. एलिझाबेथ फाइनलर या त्या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवे यंत्र जोडावयाचे झाल्यास केंद्राला कळवावे लागे आणि इतर सर्वांनी यादीची ताजी प्रत वेळोवेळी उतरवून घ्यावी लागे.

यंत्रे थोडी होती तोवर हे जमले. संख्या वाढत गेली तशी यादी लांबत गेली, ती उतरवून घेणाऱ्यांची गर्दी झाली आणि एकच नाव दोघांनी घेतल्याचे तंटे होऊ लागले. शिवाय कोणाच्याही हातातील प्रत पूर्णपणे ताजी नसे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेतील पॉल मॉकापेट्रिस यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये यावर तोडगा मांडला. नोव्हेंबर १९८७ मध्ये सुधारलेल्या स्वरूपात प्रसिद्ध झालेले त्यांचे दोन दस्तऐवज आजही या व्यवस्थेचा पाया मानले जातात.

त्यांच्या कल्पनेचे सार एका शब्दात सांगता येईल: विकेंद्रीकरण. सगळी नावे एकाने सांभाळू नयेत. वरच्या पायरीने खालच्या पायरीकडे अधिकार सोपवावा आणि त्यानंतर त्यात लक्ष घालू नये. महसूल खात्यात जमिनीचे उतारे राजधानीत नव्हे तर गावच्या तलाठ्याकडे असतात. राजधानीला फक्त जिल्हा कोणता एवढे ठाऊक असते. येथेही तसेच आहे. सर्वांच्या वर ‘मूळ’ सर्व्हर आहेत. त्यांची नावे तेरा असली तरी त्या नावांमागे जगभर पसरलेली कितीतरी अधिक यंत्रे काम करतात. त्यांच्या खाली ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ यांसारखी आणि देशांची क्षेत्रे येतात. भारताचे ‘डॉट इन’ हे क्षेत्र १९८९ साली नोंदले गेले. देवनागरी लिपीतील ‘डॉट भारत’ २०१४ च्या ऑगस्टमध्ये खुले झाले, त्यामुळे मराठी, हिंदी, कोंकणी इत्यादी भाषांत नाव घेण्याची सोय झाली. देवनागरी नाव वापरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जाळ्यातून जाताना असे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक रूपात जाते, आणि सर्व्हरच्या झोन-फाइलीत सामान्यतः तेच रूप लिहावे लागते.

प्रश्नाचा प्रवास

आता एखाद्या नावाचा शोध कसा लागतो ते पाहू. पुस्तकांतील उदाहरणांसाठीच राखून ठेवलेले ‘एक्झाम्पल.ऑर्ग’ हे नाव आपल्या ग्रंथालयाचे आहे असे धरून चालू.

वाचकाचा संगणक आपल्या नेमलेल्या सर्व्हरला नाव विचारतो. त्या सर्व्हरला उत्तर ठाऊक नसल्यास तो प्रथम मूळ सर्व्हरकडे जातो. मूळ सर्व्हर म्हणतो, ‘मला ठाऊक नाही, पण ऑर्गचा कारभार पाहणारे अमुक आहेत.’ ऑर्गचा सर्व्हर एक्झाम्पल.ऑर्गच्या सर्व्हरकडे बोट दाखवतो आणि तेथे अखेरीस उत्तर मिळते. हे उत्तर विचारणारा सर्व्हर ठरावीक मुदतीपर्यंत स्वतःजवळ जपून ठेवतो. या साठ्याला कॅश आणि त्या मुदतीला टीटीएल म्हणतात. मुदत सेकंदांत मोजली जाते. ८६,४०० म्हणजे एक दिवस.

येथे दोन निराळ्या भूमिका स्पष्ट होतात. एक सर्व्हर स्वतःच्या क्षेत्राबद्दल अधिकारवाणीने उत्तर देतो. दुसरा इतरांसाठी हिंडून उत्तर गोळा करतो. लहान जाळ्यात एकच यंत्र दोन्ही कामे करू शकते. बर्कली येथील विद्यार्थ्यांनी १९८० च्या दशकात लिहिलेला आणि पुढे अनेक हातांतून वाढलेला ‘बाइंड’ हा प्रोग्राम दोन्ही भूमिका पार पाडतो. ‘अनबाउंड’ मुख्यतः उत्तर शोधून आणण्याचे काम करतो. ‘डीएनएसमास्क’ हा त्याहून हलका प्रोग्राम पत्ते वाटण्याचे आणि नावे सांगण्याचे काम एकत्र करतो. पाचपंचवीस यंत्रांच्या जाळ्याला बहुधा तोच पुरेसा होतो. गंमत अशी की तो आपली नावे एका साध्या यादीतूनही वाचतो. जी यादी साऱ्या जगासाठी अपुरी पडली तीच एका इमारतीसाठी अजूनही उत्तम आहे.

नाव कोणते निवडावे

मांडणीतील पहिला निर्णय यंत्राविषयी नसून नावाविषयी असतो, आणि तो चुकला तर पुढे सर्वाधिक महागात पडतो. जाळ्याच्या आतील यंत्रांना १९९६ च्या नियमानुसार खाजगी पत्ते दिले जातात. १० ने किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच. हे पत्ते बाहेर कोठेही पोहोचत नसल्यामुळे कोणीही ते वापरावेत. नावांच्या बाबतीतही तसेच स्वातंत्र्य आहे असा अनेकांचा समज झाला आणि मनास येईल ते आडनाव लावण्याची पद्धत पडली.

त्यांपैकी ‘डॉट लोकल’ विशेष लोकप्रिय झाले. विंडोजवर चालणाऱ्या असंख्य लहान कार्यालयांनी ते स्वीकारले. परंतु ॲपलने २००२ पासून हेच आडनाव वेगळ्या हेतूने वापरावयास घेतले. नाव या आडनावाने संपत असेल तर संगणक सर्व्हरला न विचारता जाळ्यातील सर्वांना एकदम हाक मारतो: ‘या नावाचा कोणी आहे काय?’ २०१३ साली ही पद्धत प्रमाणित झाली. परिणामी एकाच खोलीतील दोन संगणकांपैकी विंडोजच्या संगणकाला सूची सापडे आणि ॲपलच्या संगणकाला ती सापडत नसे किंवा फार उशिरा सापडे. दोष कोणत्याच यंत्रात नव्हता. दोघे एकाच नावाचा अर्थ निरनिराळा लावीत होते.

म्हणून सर्वांत सुरक्षित मार्ग असा की संस्थेने स्वतःच्या नावे एक क्षेत्र नोंदवावे आणि त्याचीच एक शाखा, उदाहरणार्थ ‘लॅन.एक्झाम्पल.ऑर्ग’, आतील यंत्रांसाठी राखावी. ते नाव दुसऱ्या कोणाला मिळणार नाही ही त्यातील हमी होय. ते शक्य नसल्यास घरगुती जाळ्यासाठी २०१८ साली ठरवून दिलेले ‘होम.आर्पा’ किंवा खाजगी वापरासाठी २०२४ साली राखून ठेवलेले ‘डॉट इंटर्नल’ वापरावे.

नोंदी आणि एक टिंब

क्षेत्राची माहिती ज्या फाइलीत असते तिला झोन-फाइल म्हणतात. तिच्यातील मुख्य नोंदी थोड्याच आहेत. ‘ए’ नोंद नावाचा पत्ता सांगते. ‘एएएए’ नोंद नव्या, लांब पद्धतीचा पत्ता सांगते. ‘सीनेम’ एका नावाला दुसऱ्या नावाचे पर्यायी नाव बनवते. ज्या नावाला ती लावली त्याच नावाला दुसरी सर्वसाधारण नोंद लावता येत नाही. ‘एमएक्स’ टपाल कोठे न्यावयाचे ते सांगते. ‘एनएस’ अधिकारी सर्व्हर कोण ते सांगते. ‘पीटीआर’ उलट काम करते, म्हणजे पत्त्यावरून नाव सांगते.

ही उलट नोंद लहान जाळ्यात हमखास विसरली जाते. ती नसेल तर पुष्कळ सेवा चालतात, परंतु काही ठिकाणी दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना उगाच काही सेकंद थांबावे लागते आणि नोंदवह्यांत नावांऐवजी केवळ आकडे दिसतात. १९२.१६८.१० या गटासाठी उलट क्षेत्राचे नाव ‘१०.१६८.१९२.इन-ॲडर.आर्पा’ असे आकडे फिरवून लिहावे लागते. हे फिरवणे न समजल्यामुळे नवशिक्यांचा बराच वेळ जातो.

झोन-फाइलीतील सर्वांत धोकादायक चिन्ह म्हणजे नावाच्या शेवटचे टिंब. टिंब असले तर नाव पूर्ण मानले जाते. नसले तर सर्व्हर त्यापुढे क्षेत्राचे नाव स्वतः जोडतो. ‘कॅटलॉग.लॅन.एक्झाम्पल.ऑर्ग’ असे लिहून टिंब विसरले तर त्याचे ‘कॅटलॉग.लॅन.एक्झाम्पल.ऑर्ग.लॅन.एक्झाम्पल.ऑर्ग’ होऊन बसते. ही चूक केवळ नवशिक्यांची नव्हे. १२ ऑक्टोबर २००९ रोजी स्वीडनच्या राष्ट्रीय क्षेत्राची फाइल तयार करणाऱ्या प्रोग्रामने हेच टिंब गाळले आणि त्या देशाच्या क्षेत्रातील नावे सापडेनाशी झाली. फाइल लवकर दुरुस्त झाली, परंतु चुकीची उत्तरे ज्यांच्या कॅशमध्ये शिरली होती त्यांना अधिक काळ वाट पाहावी लागली.

प्रत्येक झोन-फाइलीच्या आरंभी ‘एसओए’ ही नोंद असते व तिच्यात एक अनुक्रमांक असतो. फाइलीत बदल केला की हा क्रमांक वाढवावा लागतो, कारण दुय्यम सर्व्हर तोच पाहून नवी प्रत घ्यावी की नाही ते ठरवतो. तारीख व त्या दिवशीच्या बदलाचा क्रम जोडून, जसे २०२५०६१४०१, हा आकडा लिहिण्याची चांगली प्रथा आहे. याच नोंदीत आणखी एक मुदत असते: मुख्य सर्व्हरशी गाठ पडली नाही तर दुय्यमाने जुनी माहिती किती काळ सांगत राहावी. ती सामान्यतः दोन ते चार आठवडे ठेवतात. मुख्य सर्व्हर बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर दुय्यम सर्व्हर निमूटपणे काम करीत राहतो आणि मुदत संपताच तोही त्या क्षेत्राबद्दल उत्तर देणे थांबवतो. तेव्हा मूळ बिघाड आठवड्यांपूर्वीचा असतो आणि त्याचा शोध मात्र आजच्या घटनांत घेतला जातो.

संमिश्र जाळ्यातील अडचणी

विंडोजच्या ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ या व्यवस्थेचा सारा डोलारा डीएनएसवर उभा आहे. २००० साली ती आली तेव्हापासून संगणक आपला प्रवेश-सर्व्हर ‘एसआरव्ही’ नावाच्या नोंदींतून शोधतात, आणि या नोंदी सर्व्हर आपण होऊन लिहितात. त्या हाताने सांभाळण्याच्या भरीस पडू नये. ‘एडी.एक्झाम्पल.ऑर्ग’ अशी स्वतंत्र शाखा करून तिचा कारभार विंडोजच्या सर्व्हरकडे सोपवावा. उरलेल्या जाळ्याच्या सर्व्हरला, या शाखेविषयीचे प्रश्न तिकडे पाठवावेत, एवढेच सांगून ठेवावे. अशा रीतीने दोन्ही प्रणाली परस्परांच्या कामात ढवळाढवळ न करता नांदतात.

सर्वांत अधिक आढळणारी चूक मात्र याहून साधी आहे. प्रत्येक संगणकात दोन नाम-सर्व्हर लिहिण्याची सोय असते. पहिल्या जागी आतील सर्व्हर आणि दुसऱ्या जागी ‘अडीअडचणीला असावा’ म्हणून बाहेरचा सार्वजनिक सर्व्हर लिहिला जातो. यामागील समजूत अशी की पहिल्याला उत्तर ठाऊक नसेल तर दुसऱ्याला विचारले जाईल. तसे घडत नाही. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेदेखील पूर्ण उत्तर असते आणि ते मिळाल्यावर संगणक दुसऱ्याकडे जात नाही. पहिल्याने काहीच उत्तर दिले नाही तरच तो दुसऱ्याकडे वळतो.

हे वळणेही प्रत्येक प्रणालीत वेगळे आहे. लिनक्सची नेहमीची पद्धत लिहिलेल्या क्रमानेच विचारण्याची आणि प्रत्येकासाठी पाच सेकंद थांबण्याची आहे. काही प्रणाली एकदा दुसऱ्याकडे वळल्या की काही काळ तेथेच राहतात. मग बाहेरचा सर्व्हर ‘कॅटलॉग.लॅन’ हे नाव नाहीच असे ठामपणे सांगतो. सकाळी चाललेली सूची दुपारी दिसेनाशी होते, संध्याकाळी पुन्हा दिसू लागते, आणि शेजारच्या संगणकावर ती दिवसभर चालू असते. कर्मचारी तार बदलतात, यंत्र बदलतात, गुण येत नाही. यावर नियम एकच: यादीतील प्रत्येक सर्व्हरला सर्व प्रश्नांची सारखीच उत्तरे ठाऊक असली पाहिजेत. बाहेरच्या सर्व्हरचा उपयोग करावयाचा तर तो आतील सर्व्हरने करावा, संगणकांनी नव्हे.

अलीकडे आणखी एक वाट निघाली आहे. काही ब्राउझर जाळ्याने नेमलेल्या सर्व्हरला वगळून आपले प्रश्न सांकेतिक रूपात थेट बाहेर पाठवू शकतात. ही पद्धत २०१८ साली प्रमाणित झाली. खाजगीपणाच्या दृष्टीने ती उपकारक असली तरी आतील नावे त्या वाटेने सापडत नाहीत. एखाद्या संगणकावर इतर सर्व चालते आणि केवळ ब्राउझरमध्ये सूची उघडत नाही, असे दिसल्यास प्रथम ही निवड तपासावी.

दुसरा सर्व्हर आणि दार

एका सर्व्हरवर विसंबू नये हे सर्वांना पटते. दुसरा कोठे ठेवावा याचा विचार थोडेच करतात. २००१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीची संकेतस्थळे दीर्घकाळ दिसेनाशी झाली होती. नाम-सर्व्हर एक नव्हे, चार होते. परंतु ते चारही जाळ्याच्या एकाच भागात असल्याने त्या वाटेवरील एका राउटरमधील चुकीमुळे सर्वांशी संपर्क तुटला. लहान संस्थेने यातून घ्यावयाचा धडा सरळ आहे. आतील दोन सर्व्हर एकाच विजेच्या जोडणीवर आणि एकाच स्विचवर ठेवू नयेत. जगाला दिसणाऱ्या नावांचा कारभार तर नोंदणी संस्थेकडे किंवा बाहेरच्या विश्वासू सेवेकडे ठेवणेच इष्ट. आतील पत्ते बाहेरच्या फाइलीत लिहू नयेत. आत एक आणि बाहेर एक असे दोन चेहरे ठेवावेत.

आतील सर्व्हरने फक्त आतल्यांचेच प्रश्न सोडवावेत. तो साऱ्या जगासाठी खुला राहिला तर त्याच्याकरवी तिसऱ्यावर उत्तरांचा मारा करता येतो. लहानशा प्रश्नाला मोठे उत्तर मिळते. प्रश्नकर्त्याने खोटा परतीचा पत्ता दिला की ते उत्तर भलत्याच्याच दारात जाऊन पडते. त्याचप्रमाणे संपूर्ण क्षेत्राची प्रत केवळ आपल्या दुय्यम सर्व्हरलाच द्यावी.

२००८ साली डॅन कामिन्स्की यांनी कॅशमध्ये खोटी उत्तरे घुसवण्याचा एक सुलभ मार्ग दाखवून दिला आणि जगभरच्या सर्व्हरांत घाईघाईने सुधारणा कराव्या लागल्या. उत्तरांवर सही करण्याची ‘डीएनएससेक’ ही पद्धत त्यापूर्वीच तयार होती. मूळ क्षेत्रावर जुलै २०१० मध्ये तशी सही झाली. सह्या तपासणारा सर्व्हर ठेवताना घड्याळ अचूक असावे लागते, कारण प्रत्येक सहीला मुदत असते. ज्या स्वस्त यंत्रात बॅटरीवर चालणारे घड्याळ नाही ते वीज जाऊन आल्यावर चुकीची वेळ धरून बसते. सह्या अवैध ठरतात, नावे सापडत नाहीत आणि योग्य वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचेही नाव सापडत नाही. या फेऱ्यातून सुटण्यासाठी वेळ-सर्व्हरचा निदान एक पत्ता आकड्यांत लिहून ठेवावा.

रोजची निगा

बदल करताना घाई नसावी. सूचीचे यंत्र नव्या पत्त्यावर न्यावयाचे असल्यास आधी त्या नोंदीची मुदत एका दिवसावरून ३०० सेकंदांवर आणावी, एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा आणि मग यंत्र हलवावे. सर्व ठीक आहे असे दिसल्यावर मुदत पूर्ववत करावी. नवे नाव फाइलीत लिहिण्यापूर्वी त्याची चाचणी घेऊ नये, कारण ‘नाही’ हे उत्तरही कॅशमध्ये काही काळ राहते आणि नाव लिहून झाल्यावरही तेच ऐकू येते.

तपासणीसाठी लिनक्समध्ये ‘डिग’ आणि विंडोजमध्ये ‘एनएसलुकअप’ ही साधने आहेत. दोन्ही ठिकाणी विशिष्ट सर्व्हरचे नाव घेऊन प्रश्न विचारता येतो. दोन सर्व्हर निरनिराळी उत्तरे देत असतील तर ते अशाच रीतीने उघड होते. शोध नेहमी जवळून दुरवर न्यावा: प्रथम आकडी पत्त्याने यंत्र पोहोचते काय, मग आतील सर्व्हरला नाव ठाऊक आहे काय, मग बाहेरची नावे सापडतात काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असेल तर तारांना हात लावण्याचे कारण उरत नाही.

शेवटी, ज्याची गणना कोणी तांत्रिक साधनांत करणार नाही अशी एक वस्तू ठेवावी: कागदाची वही. तिच्यात दोन्ही नाम-सर्व्हरांचे, सूचीच्या यंत्राचे आणि प्रिंटरचे आकडी पत्ते, नाव नोंदवल्याची व नूतनीकरणाची तारीख आणि प्रत्येक बदलाचा दिवस लिहावा. नाम-सर्व्हर बंद पडतो तेव्हा त्याच्या दुरुस्तीची माहिती ज्या यंत्रावर असते त्याचेही नाव सापडत नाही. त्या वेळी रांगेत उभ्या असलेल्या वाचकाला पुस्तक देता येईल की नाही हे बऱ्याच अंशी त्या वहीच्या एका पानावर अवलंबून असते.